खाडीकाठच्या शाखा डाकघराचं प्रकरण

रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण भागात खाडीच्या काठावर एक गाव आहे. गावाचं नाव इथे देत नाही. माणसं मोजकी आहेत, लगेच ओळखू येतील. गावात शाखा डाकघर आहे. तिथले पोस्टमास्तर ६५ वर्षं पूर्ण झाल्यावर निवृत्त झाले. शाखा पोस्टमास्तर ग्रामीण डाकसेवकांत मोडतात आणि त्यांची वयोमर्यादा तीच आहे. नवीन माणूस येईपर्यंत कारभार खाडीपलीकडच्या गावातल्या शाखेकडे देण्यात आला. तिथला डाकसेवक एक दिवसाआड होडीने यायचा, टपाल वाटायचा, जमतील तेवढे पैशांचे व्यवहार करायचा आणि शेवटची होडी चुकू नये म्हणून लवकर निघायचा. मग पाऊस लागला. खाडीला उधाण आलं की होडी बंद, आणि होडी बंद असली की पोस्ट बंद.

पावसाळा संपला तरी जागा भरली नव्हती. त्यातच गावात बोलवा उठली की ही शाखा कायमचीच पलीकडच्या शाखेत विलीन होणार. ग्रामपंचायतीने हरकतीचा ठराव केला. त्यासोबतचे अर्ज लिहिण्यात माझा सहभाग होता, त्यामुळे कागद वाचायला मिळाले आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे गावात पोस्ट नेमकं काय काम करतं ते जवळून बघायला मिळालं. राष्ट्रीय टपालसेवेची लोकांप्रती असलेली बांधिलकी म्हणजे काय, या प्रश्नाचं उत्तर मला या एका शाखेच्या प्रकरणात जेवढं स्पष्ट दिसलं तेवढं कुठल्या अहवालात दिसलेलं नाही.

अंतर कसं मोजायचं

विलीनीकरणाच्या बाजूने सर्वांत पहिला मुद्दा अंतराचा येतो. ग्रामीण भागात शाखा डाकघर उघडण्याचे विभागाचे निकष बरीच वर्षं चालत आलेले आहेत: सर्वसाधारण भागात गावसमूहाची लोकसंख्या ३,००० असावी, डोंगराळ, मागास किंवा दुर्गम भागात एकट्या गावाची ५०० किंवा समूहाची १,००० असली तरी चालते, आणि जवळच्या डाकघरापासून किमान ३ किलोमीटर अंतर असावं. नकाशावर पट्टी ठेवली तर आमच्या दोन शाखांमधलं अंतर या अटीत बसत नाही. समोरचा काठ डोळ्यांना दिसतो, तिकडच्या देवळातली आरती इकडे ऐकू येते.

पण होडी नसेल तेव्हा त्या काठावर जायचं तर आधी घाटी चढून महामार्ग गाठावा लागतो, खाडीला वळसा घालून पुलावरून पलीकडे उतरावं लागतं आणि वाटेत एस.टी. बदलावी लागते. सकाळी निघालेलं माणूस दुपारी पोचतं. दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू होण्याआधी दापोलीहून गुहागरला जाताना चिपळूणचा वळसा ज्यांनी घेतला आहे त्यांना खाडीचं अंतर म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. कोकणात दोन गावांमधलं अंतर ऋतूप्रमाणे बदलतं, आणि निकषात ऋतूला जागा नाही.

दुसरी गोष्ट गावाच्या आतली. देशावर गावठाण एका जागी असतं. इथे गाव म्हणजे वाड्या. काही वाड्या खाडीला लागून, काही मधल्या उतारावर नारळी-पोफळीत, काही थेट वर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर. सड्यावरच्या शेवटच्या वाडीतल्या माणसाला गावातलं पोस्टही चढउताराची पायपीट करूनच गाठता येतं. तिथे टपाल पोचवणं हे याच शाखेचं काम, आणि पलीकडून होडीने येणाऱ्या माणसाच्या हातून सगळ्यांत आधी सुटलं ते हेच. खालच्या वाड्यांना पत्रं मिळत राहिली. वरच्या दोन वाड्यांची पत्रं कोणाच्या तरी हाती "जाताना देऊन टाका" म्हणून दिली जाऊ लागली. त्यातली एक वाडी बौद्धवाडी आहे. हे कोणी ठरवून केलं असं मी म्हणणार नाही. सेवा आखडली की ती नेहमी कोणत्या टोकाकडून आखडते, एवढं मात्र यातून दिसतं.

पिनकोडचा प्रश्न तर अर्ज लिहायला बसेपर्यंत कोणाच्या लक्षातही आला नव्हता. शाखा डाकघराला स्वतःचा पिन नसतो. ज्या उपडाकघराखाली ती शाखा येते त्याचाच पिन गावाला लागतो. पलीकडची शाखा वेगळ्या उपडाकघराखाली आहे. विलीनीकरण झालं असतं तर सगळ्या गावाचा पिन बदलला असता. आधार, बँक, पासपोर्ट, कोर्टातल्या दाव्यांमधले पत्ते, सगळ्यांवर जुना आकडा. त्या आकड्याने निघालेलं प्रत्येक पत्र आधी जुन्या उपडाकघरात जाणार आणि तिथून फिरून नव्या वाटेला लागणार. पिन १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला तो सारख्या नावाच्या गावांचा आणि अनेक लिप्यांचा घोळ मिटवण्यासाठी. त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठीच. त्या सहा आकड्यांवर आता गावाची अर्धी कागदी ओळख उभी आहे.

मास्तरांना काय माहीत होतं

इथल्या एका आजींना निराधार योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळतात. पैसे खात्यात जमा होतात आणि त्या पोस्टात अंगठा लावून काढतात. अडचण अशी की त्यांनी उभा जन्म काजूच्या बिया फोडल्या. टरफलातलं तेल कातडी जाळतं; बोटांवरच्या रेषा झिजून गुळगुळीत झाल्या आहेत. अंगठा यंत्र घेतच नाही. जुन्या मास्तरांना पाठ होतं की त्यांच्या डाव्या हाताचं मधलं बोट चालतं, तेही आधी ओल्या फडक्याने पुसून, जरा दाबून धरलं तर. होडीने येणाऱ्या डाकसेवकाला हे कोण सांगणार? तो अंगठा लावायला सांगायचा, यंत्र नाही म्हणायचं, मागे रांग आणि होडीची वेळ. "आंगठा न्हाय घेत म्हंतंय, मग मी कोनाचा लावू?" असं त्या मला विचारत होत्या. त्यांचे पैसे खात्यात होते, योजना चालू होती, सरकारी नोंदीप्रमाणे लाभ पोचलेला होता.

रोकडीचंही तसंच. शाखेच्या तिजोरीत फार पैसे ठेवता येत नाहीत. शाखेतून खातेदार दिवसाला २०,००० रुपयांपर्यंत काढू शकतो, पण तेवढी रोकड हाताशी हवी. ती उपडाकघरातून थैलीबरोबर येते. म्हणजे कोणाला मोठी रक्कम हवी असेल तर आज सांगायचं आणि उद्या न्यायचं. पोस्टमास्तर गावातलेच असताना लोक आदल्या संध्याकाळी त्यांच्या घरी डोकावून सांगून यायचे. दिवसाआडच्या कारभारात "उद्या" हा शब्दच उरला नाही. शाळेची फी, दवाखाना, मयताचा खर्च यांना दिवसाआडचं वेळापत्रक माहीत नसतं.

तिसरी गोष्ट नोटिशीची, आणि मला ती सगळ्यांत गंभीर वाटते. कोकणात जमिनी सामाईक. एका सातबाऱ्यावर पाच-पंचवीस नावं, त्यातली बरीच माणसं मुंबई, ठाणे, विरारला. घरं गणपती, शिमगा आणि मे महिन्यात उघडतात. अशा बंद घराच्या पत्त्यावर एका कुटुंबाला वाटपाच्या दाव्याची नोटीस आली. "घर बंद" असा शेरा पडला, सात दिवस ती पडून राहिली आणि परत गेली. दावा लागलाय हे त्यांना कळलं ते गावातल्या तिसऱ्याच माणसाकडून. जुने मास्तर असते तर त्यांनी लिफाफ्यावर मुंबईचा पत्ता घालून तो पुढे धाडला असता, निदान एक फोन केला असता. कायद्याच्या बाजूने पाहिलं तर १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचं (जनरल क्लॉजेस ॲक्ट) २७ वं कलम आहे: नीट पत्ता घालून, पैसे भरून, रजिस्टर टपालाने पाठवलेला कागद नेहमीच्या वेळेत पोचला असंच धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. न्यायव्यवस्थेचा एक मोठा भाग टपाल खात्यावरच्या या विश्वासावर चालतो. तो विश्वास टिकवणारं माणूस म्हणजे शाखेतलं माणूस.

२०२५ मध्ये रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झालं. २० ग्रॅमचं रजिस्टर पत्र करासह सुमारे २६ रुपयांत जात होतं. आता ५० ग्रॅमपर्यंतच्या स्पीड पोस्टला परगावासाठी ४७ रुपये अधिक कर, आणि रजिस्ट्रेशन हवं असेल तर त्यावर आणखी ५ रुपये व कर. शहरातल्या वकिलाला हा फरक जाणवणार नाही. तहसीलदाराला, भूसंपादन अधिकाऱ्याला, भावकीतल्या दहा जणांना हरकतीच्या प्रती पाठवणाऱ्या शेतकऱ्याला जाणवतो.

२०२५ मध्ये आलेल्या डिजिपिनचा उल्लेखही चर्चेत झाला. देशाची सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या चौकटींत विभागणी करून प्रत्येक चौकटीला दहा अक्षरांचा सांकेतिक पत्ता देण्याची ती पद्धत आहे. चांगली आहे. आपत्तीत, रुग्णवाहिकेला, नव्या डाकसेवकाला वाट शोधायला तिचा उपयोग होईल. पण घर सापडणं आणि माणूस सापडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकाच आडनावाच्या वाडीत, अर्धी घरं कुलपात असताना, दुसरी जास्त अवघड आहे.

तोट्यातली शाखा

माहिती अधिकारात अर्ज केला. (शुल्क १० रुपये, पोस्टल ऑर्डरने भरलं, ती ऑर्डर घ्यायलाही तालुक्याला जावं लागलं.) उत्तराचा सारांश असा की खर्चाच्या मानाने शाखेचं उत्पन्न कमी पडतं. सर्वसाधारण भागात शाखेने खर्चाच्या एक तृतीयांश आणि डोंगराळ-दुर्गम भागात १५ टक्के तरी उत्पन्न मिळवावं, असा निकष आहे. हा निकष मुळात उदार आहे हे मान्य करायला हवं. ग्रामीण शाखा नफ्यात चालणार नाही, तिचा बराचसा खर्च देशाने उचलायचा, हे त्यात गृहीतच धरलेलं आहे. बांधिलकीचा पैशातला अर्थ हाच.

माझी हरकत उत्पन्न कशाला म्हणायचं यावर आहे. टपालाचे पैसे पाठवणारा आधीच भरतो. तिकीट विकलं जातं गिरगावात किंवा पुण्यात. घाटी चढून पत्र देण्याचं काम होतं इथे. पाठवणाऱ्या गावाच्या पदरात पैसा आणि घेणाऱ्या गावाच्या पदरात पायपीट. कोकण पिढ्यान् पिढ्या घेणारं गाव राहिलं आहे. टपाल खात्याने १८८० मध्ये मनीऑर्डर सुरू केली आणि गिरणगावातल्या चाकरमान्याचा पगार दर महिन्याला खाडी ओलांडू लागला. "मनीऑर्डरवर जगणारं कोकण" हे शब्द इथल्या सगळ्यांनी ऐकलेले आहेत. त्या मनीऑर्डरचं कमिशन मुंबईतल्या खिडकीवर जमा झालं. आज मनीऑर्डरची जागा मोबाइलने घेतली, पण नोटिसा, एटीएम कार्डं, पासपोर्ट, औषधं, नेमणुकीची पत्रं, वाचनालयाचे अंक हे सगळं अजूनही बाहेरून आत येतं. विक्रीच्या तराजूत अशी शाखा कायम हलकीच भरणार. तिच्या वाटपाला हिशेबात पुरेसं मोल दिलं नाही, तर आपण तिला तोट्यातली म्हणतो तेव्हा तिने केलेलं काम न मोजताच म्हणतो.

खासगी कुरिअरवाले तालुक्याच्या गावी थांबतात आणि फोन करतात, "तुमचं पार्सल आलंय, घेऊन जा." त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. शेवटच्या वाडीपर्यंत जायला त्यांना कोणी बांधलेलं नाही.

कोण कोणाला बांधलेलं आहे

मग टपाल खात्याला कोणी बांधलं आहे? १८५४ साली भारतात टपालाचा दर अंतरावरून ठरवणं बंद झालं. पाव तोळा वजनाच्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या गावी जावो नाहीतर पेशावरला. अवघड जागी राहणाऱ्याने जास्त पैसे मोजायचे नाहीत, हे तत्त्व तेव्हापासून आपल्या टपालाच्या मुळाशी आहे. १८९८ च्या कायद्याने पत्रं वाहण्याचा एकाधिकार सरकारकडे ठेवला. सोप्या, दाट वस्तीच्या भागातली कमाई अवघड भागाला पुरवता यावी, हा अशा एकाधिकाराचा सगळ्यांत मोठा युक्तिवाद जगभर होता. प्रत्यक्षात कुरिअर कंपन्या कित्येक वर्षं कागदपत्रं वाहतच होत्या. १८ जून २०२४ पासून लागू झालेल्या टपाल कार्यालय अधिनियम, २०२३ मध्ये पत्रांचा तो एकाधिकार राहिला नाही. तिकिटं काढण्याचा तेवढा राहिला. कोणत्या सेवा द्यायच्या हे केंद्र सरकार नियमांनी ठरवतं. अमुक अंतरावर, आठवड्यातून इतके दिवस टपाल मिळण्याचा नागरिकाला हक्क आहे, असं कलम मात्र त्यात नाही. नियमांत सांगितलेल्या जबाबदारीपलीकडे सेवेतल्या उणिवेबद्दल खात्यावर दायित्वही येत नाही.

भारत १८७६ पासून जागतिक टपाल संघाचा सदस्य आहे. संघाच्या करारात सदस्य देशांनी आपल्या भूभागात सर्वत्र, कायमस्वरूपी, परवडणाऱ्या दरात मूलभूत टपालसेवा द्यावी असं आहे. तेव्हा तत्त्व मान्य आहे, यंत्रणा जगात सर्वांत मोठी आहे, १ लाख ६४ हजारांहून जास्त डाकघरं आणि त्यांतली दहातली नऊ ग्रामीण भागात. कमी आहे ती या तत्त्वाला गावाच्या पातळीवर पकडता येईल अशी एक ओळ. डेन्मार्कने २०२४ पासून कायद्यातली सार्वत्रिक सेवेची अट काढली आणि २०२५ च्या अखेरीस तिथल्या राष्ट्रीय टपाल कंपनीने पत्रवाटप थांबवलं. तिथे ओळ होती, ती खोडण्यासाठी संसदेला कायदा करावा लागला आणि देशभर चर्चा झाली. आपल्याकडे एखाद्या गावाचं पोस्ट रिकाम्या जागेमुळे आपोआप मिटू शकतं आणि त्यावर सही कोणाचीच नसते.

या प्रकरणात खरोखर बांधलेलं माणूस एकच होतं, ते म्हणजे पोस्टमास्तर. शाखा डाकघर त्यांच्या घराच्या पडवीत होतं. शाखेसाठी जागा देणं ही नेमणुकीची अटच असते, आणि त्यापोटी मिळणारा भत्ता नाममात्र. कामाचे तास कागदावर चार किंवा पाच. २०१८ च्या सुधारणेनंतर शाखा पोस्टमास्तरचा मूळ भत्ता चार तासांना १२,००० आणि पाच तासांना १४,५०० रुपये, त्यावर महागाई भत्ता. खात्याच्या कायम कर्मचाऱ्यांसारखं निवृत्तिवेतन नाही. डाकसेवक हे नागरी पद आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने राजम्मा खटल्यात १९७७ मध्येच दिला, पण पूर्णवेळ कर्मचाऱ्याचा दर्जा त्यांना आजही नाही. यंत्राला रेंज मिळत नाही म्हणून मास्तर ते घेऊन सड्यावर जायचे, व्यवहार पाठवून खाली यायचे. ते तास कुठे लिहिले गेले नाहीत. देशाची गावाप्रती असलेली बांधिलकी तीस-पस्तीस वर्षं एका कुटुंबाने आपल्या पडवीत, आपल्या वेळेतून निभावली. म्हणून शाखा "चालत" होती. ते निवृत्त झाल्यावर खर्च वाढला नाही, टपालही कमी झालं नाही. फुकट मिळणारा वाटा तेवढा बंद झाला आणि शाखा बंद पडायला आली.

पुढे काय झालं

ग्रामपंचायतीने विषय डाक अदालतीत, म्हणजे टपाल खात्याच्या तक्रार-सुनावणीत, मांडला. विलीनीकरणाचा कोणताही आदेश निघालेला नाही, जागा पुढच्या भरतीत भरली जाईल, असं उत्तर मिळालं. ही भरती दहावीच्या गुणांवर होते. पहिल्या फेरीत निवड झालेली मुलगी विदर्भातली, गुण उत्तम. ती आली, गाव पाहिलं, जागा शोधली. बंद घरांच्या या गावात भाड्याची खोली मिळणं किती कठीण आहे ते तिथे राहणाऱ्यांनाच ठाऊक; घरमालक दहा आणि सही करायला एकही जागेवर नाही. ती परत गेली. तिची चूक नाही.

तेव्हा ग्रामपंचायतीने दुसरा ठराव केला: जुन्या वाचनालयाची खोली पोस्टाला बिनभाड्याने द्यायची, वीज पंचायतीची. पुढच्या फेरीत शेजारच्या तालुक्यातली एक तरुणी रुजू झाली. खोली तयार होती म्हणून ती टिकली. जुने मास्तर पहिले काही दिवस तिच्याबरोबर वाड्यांतून फिरले. कोणाचं घर कोणत्या नावाने ओळखतात, कुलपातल्या कोणत्या घराचा मुंबईतला फोन कोणाकडे आहे, हे तिने एका वहीत उतरवून घेतलं. आजींच्या मधल्या बोटाची नोंदही त्यात आहे. सड्यावरचं वाटप पुन्हा सुरू झालं आहे, रेंजचा प्रश्न तसाच आहे.

गावकरी समाधानी आहेत, पण ठरावाने मिळालेली खोली म्हणजे पुन्हा गावानेच भरलेला वाटा आहे, हे सरपंच वहिनींनी ग्रामसभेत बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या ते बरोबर आहे. ज्या पंचायतीकडे रिकामी खोली नाही तिने काय करायचं?

म्हणून दुसरा अर्ज वरिष्ठ कार्यालयाकडे गेला आहे आणि त्यात मागण्या नेमक्या ठेवल्या आहेत. शाखेच्या जागेचं भाडं स्थानिक दराने खात्याने द्यावं. शाखेच्या कामाचा आढावा घेताना वाटलेल्या टपालाची आणि अंगठ्यावर दिलेल्या पैशांची संख्या उत्पन्नाशेजारी मांडावी. खाडीकाठच्या शाखांसाठी अंतर पावसाळ्यात चालू असणाऱ्या रस्त्याने मोजावं. आणि जागा रिकामी झाली तर पर्यायी माणूस रोज येईल असा लेखी आदेश निघावा, त्याची प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी आणि त्यावर आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याचं पदनाम व आदेशाची मुदत लिहिलेली असावी.